व्यसनमुक्तीच्या वाटेवर प्रेमाच्या मर्यादा

जून २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मद्यावरील उत्पादन शुल्कात मोठी वाढ केली. त्यातून राज्याच्या तिजोरीत वर्षाला सुमारे १४ हजार कोटी रुपयांची भर पडेल, असा अंदाज त्या वेळी मांडण्यात आला. दारू महागल्याने पिणारे कमी होतील की ते अधिक स्वस्त आणि अधिक घातक दारूकडे वळतील, हा प्रश्न रास्तच आहे. २०१५ साली मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले, ही घटना आपल्यापासून फार दूरची नाही. परंतु ज्या घरात व्यसनाने ठाण मांडले आहे, त्या घराचा प्रश्न बाटलीच्या किमतीपाशी थांबत नाही. रात्री अकरा वाजता दार ठोठावले जाते, ते उघडावे की नाही? सकाळी साहेबांना फोन करून ‘त्यांना ताप आला आहे’ असे सांगावे की नाही? मुलीच्या फीसाठी डब्यात ठेवलेले पैसे तो मागू लागला तर द्यावेत की नाही? या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही अर्थसंकल्पात सापडत नाहीत.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्स या संस्थेने केलेल्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. १० ते ७५ वर्षे वयोगटातील सुमारे १६ कोटी भारतीय मद्यपान करतात आणि त्यांपैकी साडेपाच कोटींहून अधिक लोकांना त्यासाठी मदतीची गरज आहे, असे तो अहवाल सांगतो. त्याच अहवालातील आणखी एक आकडा आम्हांस अधिक अस्वस्थ करतो. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी अवघ्या एकाला कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा उपचार मिळतो. उरलेल्या ३७ जणांना कोण सांभाळते? त्यांची पत्नी, आई, भाऊ, शाळेत जाणारी मुले. हे काम कसे करावे, हे त्यांना कोणी शिवविलेले नसते. मिळेल त्याचा सल्ला घेऊन ते दिवस ढकलत असतात. त्यांतले बरेच जण सल्ल्यासाठी चर्चच्या दारी येतात आणि तेथे त्यांना नेहमीच योग्य सल्ला मिळतो, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

आमची एक चूक

काही वर्षांपूर्वी रविवारच्या दुसऱ्या मिस्सानंतर एक भगिनी आमच्या कार्यालयात आल्या. ओळख पटू नये म्हणून काही तपशील आम्ही गाळीत आहोत. पती नोकरीला होता आणि पीत होता. पतपेढीचे कर्ज थकले होते. जामीन म्हणून दिराची सही होती आणि दिराकडे नोटीस आली होती. याआधी दोनदा त्या बाईंनीच पतीचे कर्ज फेडले होते. त्यांनी विचारले, “फादर, बांगड्या तेवढ्या राहिल्यात. मोडू का?”

आम्ही त्यांना सांगितले, “हा तुमचा क्रूस आहे, धीराने वाहा. प्रभू तुमचे घर सांभाळील.” निघताना काही रक्कमही त्यांच्या हाती ठेवली. आपण मोठेच पुण्यकर्म केले, असे त्या दिवशी आम्हांस वाटले होते. बांगड्या मोडल्या गेल्या, कर्ज फिटले आणि सहा महिन्यांच्या आत नवे कर्ज उभे राहिले. बाई पुन्हा आल्या तेव्हा त्यांच्यापाशी मोडायला काही उरले नव्हते. आमच्या उपदेशाने त्या पुरुषाची दारू एक थेंबानेही कमी झाली नव्हती. त्याच्या दारूचा खर्च मात्र आम्ही सर्वांनी मिळून उचलला होता.

या चुकीचे मूळ आमच्या समजुतीत होते. प्रेम म्हणजे नाही न म्हणणे, क्षमा म्हणजे परिणाम पुसून टाकणे आणि क्रूस वाहणे म्हणजे दुसऱ्याच्या पापाचा हिशेब गुपचूप चुकता करणे, असे आपल्यातील पुष्कळजण मानीत आले आहेत. पवित्र शास्त्र असे शिकवीत नाही.

ओझी दोन प्रकारची

संत पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात चार ओव्यांच्या अंतरात दोन परस्परविरोधी वाटणारी वाक्ये येतात. प्रथम तो एकमेकांची ओझी वाहावयास सांगतो आणि लगेच पुढे, प्रत्येकाने आपापला भार वाहिला पाहिजे, असे म्हणतो. मूळ ग्रीक भाषेत या दोन ठिकाणी दोन निरनिराळे शब्द आहेत. पहिला शब्द माणसाला चिरडून टाकणाऱ्या ओझ्यासाठी आहे, तर दुसरा प्रत्येक प्रवाशाच्या पाठीवर असणाऱ्या त्याच्या स्वतःच्या गाठोड्यासाठी. आजारपण, उपचारांचा खर्च, दारू सोडतानाचे भयाण दिवस, समाजाची हेटाळणी ही चिरडणारी ओझी आहेत. ती कुटुंबाने आणि धर्मग्रामाने मिळून उचलावीत. कामावर जाणे, खोटे बोलल्याची कबुली देणे, घेतलेले कर्ज फेडणे, उपचाराला होकार देणे हे त्या माणसाचे स्वतःचे गाठोडे आहे. ते दुसऱ्याने उचलले की त्याची पाठ मोकळी होते आणि मोकळ्या पाठीने तो पुन्हा गुत्त्याकडे जातो.

उधळ्या पुत्राचा दाखला आपण दर उपवासकाळात ऐकतो, पण त्या पित्याने काय केले नाही, याकडे आपले लक्ष जात नाही. मुलगा दूर देशी उपाशी असताना त्याने नोकराच्या हाती पैशांची थैली धाडली नाही. त्याच्या सावकारांशी रदबदलीही केली नाही. लूकच्या शुभवर्तमानात स्पष्ट म्हटले आहे की, त्या मुलाला कोणीच काही देत नव्हते आणि त्या रिकाम्या पोटीच तो शुद्धीवर आला. पिता मात्र वाटेकडे डोळे लावून होता. मुलगा दूर असतानाच त्याने त्याला पाहिले आणि तो धावत गेला. पैसा न पाठविणारा आणि धावत जाणारा पिता एकच आहे. मर्यादा आणि माया एकाच अंतःकरणात नांदू शकतात, याचे याहून मोठे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

बेथेस्दाच्या तळ्याकाठी अडतीस वर्षे पडून असलेल्या रुग्णालाही प्रभू येशूने आधी विचारले, तुला बरे व्हायचे आहे काय? आणि मग त्याचे अंथरूण त्यालाच उचलायला लावले.

मर्यादा म्हणजे नेमके काय?

‘तुम्ही उद्यापासून प्यायची नाही’ ही मर्यादा नव्हे, तो हुकूम झाला. दुसऱ्याचे हात आपल्या ताब्यात नसल्याने असे हुकूम रोज मोडले जातात. ‘तुम्ही पिऊन आलात तर त्या रात्री मी मुलांना घेऊन आईकडे झोपायला जाईन’ ही मर्यादा आहे, कारण ती पाळणे बोलणाऱ्याच्या हाती आहे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही चळवळ १९३५ साली अमेरिकेत सुरू झाली. तिच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या बिल विल्सन यांच्या पत्नी लॉइस यांनी १९५१ साली कुटुंबीयांसाठी अल-अ‍ॅनॉन हा वेगळा गट उभा केला. हे व्यसन तुम्ही लावलेले नाही, ते तुमच्या नियंत्रणात नाही आणि ते बरे करणेही तुमच्या हाती नाही, ही तीन सत्ये तेथे कुटुंबीयांना प्रथम शिकविली जातात. पतीच्या व्यसनाचा दोष वर्षानुवर्षे स्वतःच्या माथी घेणाऱ्या स्त्रीला ही तीन सत्ये ऐकणे म्हणजे जणू बंदिवासातून सुटणे असते.

मर्यादा थोड्याच असाव्यात आणि ज्या पाळता येतील त्याच बोलाव्यात. माणूस शुद्धीवर असताना, शांतपणे आणि शक्यतो सर्व कुटुंबीयांच्या साक्षीने त्या सांगाव्यात. पत्नीने पैसे नाकारले आणि सासूने पदराआडून शंभराची नोट सरकविली, तर त्या मर्यादेला अर्थ उरत नाही. रोख रक्कम हाती न देता दवाखान्याचे बिल दवाखान्यात, शाळेची फी शाळेत भरावी. त्याच्या वतीने कोणाशीही खोटे बोलू नये. जामिनाच्या कागदावर सही करू नये. शुद्धीवर नसलेल्या माणसाशी वाद घालू नये आणि मुलांना गुत्त्यावरून बाटली आणायला कधीही पाठवू नये.

येथे दोन धोक्यांची सूचना देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. रोज भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून त्याची दारू एकाएकी बंद करणे हा धाडसी उपाय वाटतो, पण तो जिवावर बेतू शकतो. अशा वेळी हातपाय थरथरणे, आकडी येणे, भास होणे आणि प्रसंगी मृत्यूही ओढवतो. दारू थांबवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. दुसरा धोका आहे चहात किंवा आमटीत नकळत मिसळल्या जाणाऱ्या गोळ्यांचा. डायसल्फिराम नावाचे औषध घेतलेल्या माणसाच्या पोटात दारू गेली, तर रक्तदाब घसरून हृदयावर गंभीर परिणाम होऊ शकतो. हे औषध रुग्णाच्या माहितीने आणि संमतीनेच द्यायचे असते. फसवणुकीच्या पायावर व्यसनमुक्ती उभी राहत नाही. पिणारा कुटुंबाला फसवीत असतोच. कुटुंबानेही त्याला फसवू लागावे, हा उपाय नव्हे. माणसाला बांधून गाडीत घालून केंद्रात नेऊन टाकणेही आता कायद्याला मान्य नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने व्यसनाधीन व्यक्तीलाही रुग्णाचे हक्क दिले आहेत आणि तिच्या इच्छेविना दाखल करण्यासाठी वैद्यकीय तपासणीची व मुदतीची बंधने घातली आहेत.

मारहाण होत असेल तर

मारहाणीचा प्रश्न आम्ही मुद्दाम वेगळा काढीत आहोत, कारण तेथे समजुतीच्या गोष्टींना जागा नाही. विवाहसंस्कार अविच्छेद्य आहे, म्हणून पत्नीने मार खात राहावे, असे ख्रिस्तसभेने कधीही सांगितलेले नाही. धर्मसभेच्या कायदेसंहितेतील ११५३ व्या कलमानुसार, जोडीदार आपल्या किंवा मुलांच्या जिवाला अथवा आत्म्याला गंभीर धोका निर्माण करीत असेल, तर दुसऱ्या जोडीदाराला विभक्त राहण्याचे रास्त कारण मिळते आणि विलंबाने धोका वाढत असेल तर तो स्वतःच्या निर्णयानेही वेगळा राहू शकतो. यामुळे विवाह मोडत नाही आणि कारण दूर झाल्यावर सहजीवन पुन्हा सुरू व्हावे, अशीच अपेक्षा असते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीही कुटुंबाविषयीच्या २०१६ च्या आपल्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या प्रबोधनपत्रात, काही प्रसंगी दुबळ्या जोडीदाराला किंवा मुलांना वाचविण्यासाठी विभक्त होणे नैतिकदृष्ट्या आवश्यकही ठरू शकते, असे मान्य केले आहे. देशाच्या २००५ च्या कायद्याने कौटुंबिक हिंसाचारविरोधी संरक्षण उपलब्ध आहे. संकटाच्या वेळी ११२ आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक आहेत. त्या फोननंतर ‘घराची अब्रू गेली’ असे म्हणणाऱ्यांना आमचे एकच सांगणे आहे: अब्रू त्या फोनने गेली नाही, ती पहिल्या मारापाशीच गेली होती.

क्षमा आणि विश्वास

व्यसनमुक्ती केंद्रातून घरी परतलेला माणूस बहुधा एका गोष्टीने दुखावला जातो. तो म्हणतो, ‘मी पापनिवेदन केले, देवाने मला क्षमा केली, मग माझी बायको मला अजून एटीएमचे कार्ड का देत नाही?’ त्याची व्यथा खरी आहे, पण त्यात दोन गोष्टींची गल्लत झाली आहे. क्षमा हे दान आहे, ते एका क्षणात देता येते. विश्वास मात्र पिकासारखा वाढतो. त्याला पाणी घालावे लागते आणि ऋतू जाऊ द्यावा लागतो. सत्तर वेळा सात वेळा क्षमा करणाऱ्या पत्नीनेही घराचे कागदपत्र काही काळ कुलपात ठेवले, तर त्यात पाप नाही. प्रायश्चित्त संस्कारातही पापमुक्तीनंतर झालेली हानी भरून देण्याची जबाबदारी उरतेच.

ज्याला व्यसनातून बाहेर यावयाचे आहे, त्याला स्वतःसाठीही मर्यादा आखाव्या लागतात. डब्लिनचा हमाल मॅट टालबॉट याचे जीवन याची साक्ष देते. १८५६ साली जन्मलेला हा कामगार पोरवयातच दारूत बुडाला. १८८४ साली त्याने दारू न पिण्याची शपथ घेतली आणि ७ जून १९२५ रोजी मिस्साला जात असताना रस्त्यात कोसळून मृत्यू येईपर्यंत ती पाळली. त्याची भक्ती सर्वांना माहीत आहे, पण त्याचा व्यवहारीपणा कमी लोकांना माहीत आहे. आपल्याला मोह कोठे पडतो हे ओळखून त्याने खिशात पैसे बाळगणेच सोडून दिले. दारूपायी झालेली जुनी देणी त्याने फेडली. पोप पॉल सहावे यांनी १९७५ साली त्याला ‘वंदनीय’ घोषित केले. त्याचे रिकामे खिसे हीदेखील एक प्रार्थनाच होती, असे आम्हांस वाटते.

आता प्रश्न आपल्या समाजाचा. दारू सोडून तीन महिने झालेला माणूस पुतण्याच्या लग्नाला जातो. तेथे चार जण त्याला घेरतात, ‘आज एकच घे, घरचे लग्न आहे’. त्याने नकार दिला तर ‘मोठा संत झालास’ म्हणून हसतात. साखरपुडा असो, बाप्तिस्मा असो वा मुलांच्या पहिल्या कम्युनियनचा समारंभ, बाटल्यांवाचून तो साजराच होऊ शकत नाही, अशी समजूत आपणच रुजविली आहे. व्यसनमुक्तीसाठी धडपडणाऱ्याच्या घराने मर्यादा आखाव्यात आणि आपण सर्वांनी मिळून त्या मोडाव्यात, हा कोणता बंधुभाव? निदान लेकरांच्या संस्कारांच्या सोहळ्यांतून दारू वगळण्याचा निर्णय प्रत्येक धर्मग्राम घेऊ शकतो. त्यासाठी सरकारी आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.

मर्यादेलाही मर्यादा हवी

मर्यादेच्या नावाखाली सूड उगवला जाण्याचा धोकाही आम्ही जाणतो. चीनमधील संत मार्क जी तियानशियांग हे वैद्य होते. पोटदुखीवर घेतलेल्या अफूचे त्यांना व्यसन जडले. ते वारंवार पापनिवेदन करीत आणि पुन्हा व्यसनाकडे वळत. त्यांचा पश्चात्ताप खरा नाही, असे मानून अखेर त्यांना पापमुक्ती नाकारण्यात आली. तीस वर्षे ते संस्कारांवाचून राहिले, पण देवळात येणे त्यांनी सोडले नाही. १९०० सालच्या बॉक्सर उठावात त्यांनी कुटुंबीयांसह रक्तसाक्ष दिली आणि २००० साली संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना संतपद बहाल केले. सवय आणि आसक्ती यांमुळे माणसाची नैतिक जबाबदारी कमी होऊ शकते, हे ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ आज स्पष्टपणे सांगतो. व्यसन हा आजार आहे, असे वैद्यकशास्त्रही सांगते. पुन्हा घसरलेल्या माणसाला ‘तुझ्याने होणार नाही’ असे म्हणून कायमचे बाहेर ठेवणे म्हणजे मर्यादेला भिंत बनविणे होय. आपल्या वाडीच्या कुंपणाला फाटक असते, तसे ते प्रत्येक मर्यादेला असले पाहिजे. उपचारांना होकार मिळाला की ते उघडावे.

संत मोनिका या बाबतीत आपली मार्गदर्शक आहे. तिने स्वतः बालपणी लपूनछपून द्राक्षारस पिण्याची सवय लावून घेतली होती आणि दासीने टोचून बोलल्यावर ती सोडली, हे तिच्या पुत्रानेच लिहून ठेवले आहे. तो पुत्र, अगस्तीन, भलत्या पंथात गेला तेव्हा तिने त्याला आपल्या घरात आणि आपल्या पंगतीला बसू देणे काही काळ नाकारले. पुढे एका स्वप्नाने धीर मिळाल्यावर दार उघडले. वादासाठी त्याच्यामागे लागू नकोस, प्रार्थना कर, असा सल्ला एका बिशपांनी तिला दिला. दार बंद होते तेव्हाही आणि उघडल्यावरही तिची प्रार्थना चालूच होती.

आमच्याकडे आलेल्या त्या भगिनीची कहाणी सांगून थांबतो. दुसऱ्यांदा आल्या तेव्हा आम्ही त्यांना पैसे दिले नाहीत. व्यसनी माणसांच्या कुटुंबीयांच्या सभेला आम्ही त्यांच्यासोबत गेलो. तेथे त्यांना पतीविषयी कोणीच प्रथम विचारले नाही. एका वृद्ध स्त्रीने विचारले, “बाई, तुमची पुरती झोप शेवटची कधी झाली?” त्या रडू लागल्या. पुढील महिन्यात त्यांनी साहेबांना फोन करणे बंद केले. पतीची नोकरी धोक्यात आली, दिरांनी बोल लावला, सासू बोलेनाशी झाली. चार महिन्यांनी पती उपचारांना तयार झाला. त्यानंतरही तो दोनदा घसरला. आज तो पीत नाही. उद्याची हमी कोणी देऊ शकत नाही, तोही देत नाही. परंतु तो घसरला त्या काळातही त्या बाई आणि मुले सावरलेली राहिली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. मर्यादेचे पहिले फळ पिणाऱ्याच्या आधी घराला मिळते.

ज्यांना आज या मदतीची गरज आहे, त्यांच्यासाठी १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. फादर ज्यो परेरा यांनी १९८१ साली वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये सुरू केलेल्या कृपा फाउंडेशनचे केंद्र आपल्या वसईतही आहे. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून रुग्णांबरोबर त्यांच्या घरच्यांनाही आधार देत आले आहे. आमच्या कार्यालयाचे दारही उघडे आहे. या वेळी मात्र आम्ही तुम्हांला केवळ धीर धरा असे सांगून परत पाठविणार नाही.

हे प्रभू, ज्या घरांत आज रात्री दार वाजणार आहे, त्या घरांतील मातांना, मुलांना आणि दारापलीकडे उभ्या असलेल्या माणसालाही तुझ्या करुणेने सांभाळ. नाही म्हणण्याचे बळ आम्हांला दे आणि तो परतेल तेव्हा धावत जाण्याचेही बळ दे. आमेन.